डावा अंगठा

"तुमचं साहित्य तुम्ही कधीच नेलंय," तालुक्याचा कारकून मान वर न करता म्हणाला. दोन वर्षं त्याच्या खिडकीत मी कागद सरकवत होते आणि आमचे मालक बाहेर बाकावर बसून असायचे. अपंगांसाठी कायदा झालाय म्हटलं, तर हसला. मग मी तक्रार ठोकली. कसलं साहित्य, ते मुद्दाम लिहिलं नाही.

सुनावणीला मालकांना शाल पांघरून नेलं. कारकुनानं साहेबांपुढं वही उघडली. मालकांचं नाव, अवसरीचे सोपान, साहित्य मिळालं, आणि पुढं अंगठा.

"भाऊ, नीट आठवा," मी गोडीनं विचारलं. "कंचा अंगठा व्हता?"

"डावा. सही येत नाही म्हणाले, म्हणून मीच हात धरून उठवला."

"साहेब, एवढं लिहून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं. मग मी शाल ओढली. सहा वर्षांपूर्वी गुऱ्हाळाच्या चरकात मालकांचे दोन्ही हात कोपरापासून गेले होते. अर्ज कृत्रिम हातांचाच होता.

"धरा की, भाऊ," मी म्हटलं. "कसा धरला व्हता, दाखवा साहेबांना."