गार हवा

धुळ्याहून आलेल्या लखीचंदशेठनी जळगावात मगनच्या गॅरेजसमोर गाडी उभी केली. "मगन, एसी काही गार करत नाही. खिशात कांदा ठेवूनही ऊन बाधलं बघ." मे महिन्यात इथे घामाचं कुणाला नवल? मगनने बॉनेट उघडून पाहिलं. गॅस भरलेला होता, कॉम्प्रेसरही नीट चालत होता. चक्रावून तो शेठच्या शेजारी येऊन बसला आणि हवेच्या जाळीसमोर हात धरला. बोटं गारठली. त्याने वळून शेठकडे पाहिलं. सदरा पिळून काढावा इतका ओला झाला होता आणि ते डावा हात सारखा चोळत होते.

"सापडला का बिघाड?"

मगनने आपल्या बाजूचं दार उघडलं. "सापडला. शेठ, तुम्ही इकडे सरका, गाडी मी चालवतो."