मार्केट भाव

शेअर दोनशे तीसवरून दोनशे बारावर घसरलेला समीक्षाला मोबाईलवर दिसला. सरकीचं तेल काढणारी ती छोटी कंपनी. तिचे पंधराशे शेअर समीक्षाच्या बाबांनी, हिंमतरावांनी, आईच्या ऑपरेशनसाठी धरून ठेवले होते. हिंमतराव शेतीत पक्के, पण मोबाईलचं काम पोरीकडे. ताकीद एकच, "मी म्हनीन तवाच विकजो."

ते सकाळच्या यष्टीनं नांदुऱ्याला गेले होते, डॉक्टरकडून आईचा रिपोर्ट आणायला. समीक्षा पुढच्या खोलीत बसली होती. बसली कसली, कशीबशी टेकली होती. बोंडअळीतून वाचलेला कापूस भाव वाढेल या आशेवर दिवाळीपासून तिथं छताला लागला होता. आतल्या खोलीत आईला, कौशल्याबाईंना, पाण्याचा तांब्या उचलला तरी धाप लागत होती.

फोन वाजला.

"समीक्षा, आता थांबू नको. सगळं देऊन टाक. मार्केट भावानं."

"बाबा, रिपोर्टात काय हाय?"

"आवाज येऊन नाही राह्यला. मार्केट भावानं, समजलं ना?"

फोन कटला. तिनं तीनदा लावला, तिन्ही वेळा लागला नाही. बाबांसारखा माणूस एवढ्या घाईवर येतो, म्हणजे रिपोर्ट वाईटच असणार. आई हातची जाते की काय, या भीतीनं तिनं शेअरचं ॲप उघडलं.

ॲपमध्ये दोन पर्याय होते. 'लिमिट' म्हणजे आपला भाव आपण सांगायचा आणि गिऱ्हाइकाची वाट पाहायची. 'मार्केट' म्हणजे समोर जो उभा असेल त्याच्या भावात मोकळं व्हायचं. बाबांना हा शब्द कोणी शिकवला, याचं तिला नवलच वाटलं. लिमिट टाकावं, असं शंभरदा मनात आलं. पण बापाचा शब्द मोडला आणि आईचं काही बरंवाईट झालं, तर तोंड कुठं दाखवायचं?

तिनं 'मार्केट' दाबलं.

गिऱ्हाइकं थोडी. दीडशे शेअर दोनशे बाराला गेले, काही दोनशेला, आणि उरलेले हजार थेट एकशे शहाऐंशीला. पापणी लवायच्या आत सारं आटोपलं. अर्ध्या तासात शेअर पुन्हा दोनशे तीसवर जाऊन बसला. ऑपरेशनला आता पन्नास-साठ हजार कमी पडणार होते.

"काय झालं बाई?" आईनं आतून विचारलं.

"काई नाही." तिनं मोबाईल पालथा ठेवला. बाबांनीच सांगितलं होतं. त्यांना ठाऊक असेल.

तेवढ्यात दारात पिकअप उभी राहिली. मागं वजनकाटा आणि दोन हमाल. नांदुऱ्याच्या व्यापाऱ्याचा माणूस, गुलाबराव, खाली उतरला.

"बाबा कुठं हायेत?" समीक्षानं एका दमात विचारलं. "रिपोर्ट कसा हाय?"

"चांगला हाय म्हने, घाई नाही. यष्टीनं येऊन राह्यले ते." गुलाबराव खोलीत डोकावला. "तुले फोन केला ना पोरी त्याइनं, सगळा कापूस मार्केट भावानं देऊन टाक म्हनून?"