आळीचे कान

तनुजा करडे पडद्यासमोर बोलायला उभी राहिली, तेव्हा पहिल्या रांगेत तिचे वडील महिपती कडक इस्त्रीचा शर्ट घालून ताठ बसले होते. शेजारी आई, कौशल्या. मागच्या खुर्च्यांवर विद्यार्थी, प्राध्यापक आणि आळीतली चार माणसं. पीएच.डी.ची ही शेवटची, सगळ्यांसमोर होणारी तोंडी परीक्षा होती.

महिपती कसबा पेठेतल्या तांबट आळीतले. जन्मभर त्यांनी तांब्याचे हंडे आणि बंब ठोकून घडवले. तनुजाचा प्रबंध त्याच आळीवर होता: हातोड्यांच्या आवाजानं तांबटांच्या कानांचं काय होतं. परीक्षा इंग्रजीत चालली होती. महिपतींना ती ऐकू आली असती तरी कळली नसती, आणि ऐकू तर येतच नव्हती. हे मात्र ते कबूल करत नसत. हल्ली लोकांनाच नीट बोलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

सुरुवातीला आळीनं तनुजाला दारात उभं केलं नव्हतं. आवाज मोजला, तो कागदावर आला, की उद्या कोणीतरी उठून म्हणणार, हे हातोडे शहराबाहेर हलवा. आपल्याच घरातली मुलगी आपल्याच पोटावर उठली, असंही काहीजण कौशल्याबाईंना ऐकवून गेले. तनुजा दारोदार फिरली. कान का तपासायचे, ते समजावत राहिली. जवळच्या शाळेतली एक आतली खोली मागून घेऊन तिनं तिथं यंत्र मांडलं. हळूहळू माणसं येऊन बसू लागली. मग बायकाही आल्या, कारण हातोडा न धरताही त्या त्याच आवाजात स्वयंपाक करत होत्या. महिपती आले नाहीत.

आता ती शांतपणे एकेक आलेख दाखवत होती. आळीतल्या बहुतेक जुन्या कारागिरांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत, हे तिनं सांगितलं. त्यापुढचं सांगताना तिचा आवाज जरा वर चढला. ऐरणीखाली जाड रबराची बैठक घातली आणि भिंतीला साधं अस्तर दिलं, तर आवाज कितीतरी उतरतो. तिनं ते करून, मोजून पाहिलं होतं. आळी हलवायची काहीच गरज नव्हती.

नागपूरहून आलेले परीक्षक बराच वेळ प्रबंध चाळत होते. त्यांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदाच मराठीत विचारलं, "तुम्ही त्याच आळीतल्या. तुमचे वडील इथं बसलेत. त्यांची चाचणी यात दिसत नाही. घरच्या माणसालाच पटवता आलं नाही, तर बाकीची आळी तुमचं का ऐकेल?"

तनुजाच्या मार्गदर्शक नीरजा मॅडम खुर्चीत जरा पुढं सरकल्या.

"मी त्यांना विचारलं होतं, सर. ते नाही म्हणाले," तनुजा म्हणाली. "इतरांना नाही म्हणायचा जेवढा हक्क, तेवढाच त्यांनाही. म्हणून मी पुन्हा विचारलं नाही."

सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळल्या, एवढं महिपतींना दिसलं. काय विचारतायत, असं त्यांनी बायकोला विचारलं. त्यांना वाटलं आपण कुजबुजलो. ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. कौशल्याबाई संकोचल्या. मग पदर सावरून त्यांनी नवऱ्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि तो प्रश्न जवळजवळ ओरडूनच सांगितला.

महिपती उठून उभे राहिले. तनुजानं हातानंच त्यांना बसा म्हणून खुणावलं. ते बसले नाहीत.

"तपासायचं काय त्यात, साहेब," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही. अख्ख्या आळीला माहितीये. मीच तेवढा म्हणत नव्हतो."

मागं थोडं हसू फुटलं. महिपतींना ते कळलं नाही. ते मुलीकडे बघत होते.

"ही शाळेतून आली की आळीच्या टोकापासूनच हाक मारायची. हातोडा चालू असला तरी मला यायची ऐकू. पुढं ती हाक येईना. मला वाटलं, पोरगी मोठी झाली, आता बापाला हाक मारत नाही." ते थांबले. "परवा तिनं घरी हीच चित्रं दाखवली. बारीक आवाज आधी जातात म्हणाली. तेव्हा कळलं. ती मारतच होती हाक. तिनं लिहिलंय ते खरं आहे, साहेब. ते आळीला सांगायला मी जाईन तिच्याबरोबर."

ते खाली बसले. तनुजानं पडद्याकडे तोंड वळवलं आणि उगाचच पुढचा आलेख लावला. परीक्षकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. आपले प्रश्न संपले, असं ते अध्यक्षांना म्हणाले.

परीक्षक मंडळी शेजारच्या खोलीत गेली. महिपती दाराकडे बघत राहिले. आळीतल्या एकानं त्यांच्यासमोर पाण्याची बाटली धरली, तीही त्यांनी घेतली नाही.

दार उघडलं. अध्यक्ष, पांढऱ्या केसांच्या एक बाई, व्यासपीठावर गेल्या आणि दोन वाक्यांत निकाल सांगून मोकळ्या झाल्या. टाळ्या वाजल्या. नीरजा मॅडमनी तनुजाला जवळ घेतलं. कौशल्याबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या, त्यामुळे नवऱ्याला सांगायला कोणी उरलं नाही. महिपती एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते.

अध्यक्षबाईंच्या ते लक्षात आलं. त्या पायऱ्या उतरून खाली आल्या, महिपतींच्या उजव्या कानाशी वाकल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "तुमची मुलगी डॉक्टर झाली."

महिपतींनी मान हलवली. त्यांना कळलं नसावं असं वाटून कौशल्याबाई पुढं झाल्या. महिपतींनी बायकोला हातानंच थांबवलं.

"ऐकू आलं," ते अध्यक्षबाईंना म्हणाले. "परत एकदा सांगा."