चोवीसमधला चार

"मी कुणाला पाठीशी घालत नाही, सौमित्र. तुलाही घालणार नाही."

डॉ. मृणालिनीने निलंबनाचा फॉर्म टेबलावरून पुढे सरकवला. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलजवळच्या या कम्युनिटी हेल्थ सेंटरची ती बारा वर्षं वैद्यकीय प्रमुख होती. इन्शुरन्स नसलेले, दोन-दोन नोकऱ्या करणारे लोक इथे यायचे. त्यांना जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून इथली चूक तिच्या फार जिव्हारी लागायची. नियमही तिनेच केला होता. डोसच्या तीन चुका झाल्या की त्या डॉक्टरने पेशंट बघणं थांबवायचं, मग तो कुणीही असो.

सौमित्र उभाच होता. दोन वर्षांपूर्वी तिनेच त्याला निवडलं होतं. नोकरी गेली तर त्याचा व्हिसाही जाणार, हे ती जाणून होती. टेबलाच्या कडेला त्याने नागपूरहून आणलेला संत्रा बर्फीचा डबा होता. बहिणीचं लग्न आटोपून तो सोमवारी परतला होता. डब्याला तिने हात लावला नव्हता.

"सात चुका आहेत," ती म्हणाली. "आणि सगळ्या एकाच जातीच्या. छत्तीसचे त्रेसष्ट, अठ्ठावीसचे ब्याऐंशी. मिसेस ओर्तेगांना चोवीस युनिट इन्सुलिन हवं होतं, लिहिलं गेलं बेचाळीस. किचनमध्ये कोसळल्या त्या. मुलगी घरी होती म्हणून वाचल्या."

"आता कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. विषय बदलू नकोस."

तिला कारणही सापडलं होतं, आणि त्याचा तिला मनातून थोडा अभिमानही वाटत होता. चोवीस म्हणताना जिभेवर चार आधी येतो. मनात मराठीतून मोजणाऱ्याचा हात घाईत तोच चार आधी टाकतो. इंग्रजीत मोजणारा असा घसरत नाही. सेंटरमध्ये मराठी डॉक्टर दोनच, आणि तिला स्वतःला अमेरिकेत येऊन तेहतीस वर्षं झाली होती.

शिवाय पुरावा समोर होता. इन्सुलिनचे डोस दर शुक्रवारी ती आणि सौमित्र मिळून सिस्टीममध्ये भरायचे. सहा नोंदींमध्ये आकडा उलटा पडून काही मिनिटांत सरळ झाला होता, आणि सहाही ठिकाणी दुरुस्तीसमोर सौमित्रचं नाव होतं. सातव्या नोंदीसमोर तिचं स्वतःचं नाव होतं, पण त्यात नवल नव्हतं. यादीवर शेवटची सही प्रमुखाचीच असते. ओर्तेगांचा डोस सौमित्र रजेवर जाण्याआधी घाईत भरून गेला असणार, असं तिने धरलं होतं.

"चूक कुणाचीही होते," ती म्हणाली. "पण सहा वेळा गुपचूप दुरुस्त करून तू मूग गिळून बसलास. त्याचा मला जास्त राग आहे. मला येऊन का नाही सांगितलंस?"

"सांगायला हवं होतं, मॅडम. हिंमत नाही झाली."

एवढंच बोलून तो फॉर्मकडे बघत राहिला. त्याने भांडावं, निदान काही कारण द्यावं, असं तिला वाटत होतं. तो शांत होता आणि त्यामुळे तिला आणखीच वाईट वाटत होतं. पण निर्णय झाला होता.

सौमित्रने पेन उचललं. "एक विचारू? शुक्रवारचे डोस आता कोण एंटर करणार?"

"मी."

"आणि क्रॉसचेक?"

"माझ्यावर क्रॉसचेक कशाला हवा?"

त्याने पेन खाली ठेवलं. "मग मी साइन नाही करत. वरती रिपोर्ट करा, चालेल. पण हा शुक्रवार तरी मला इथे राहू द्या."

"म्हणजे पुरावा तोंडावर फेकल्याशिवाय तू ऐकणार नाहीस." तिने फायलींची यादी पुढे ओढली. तपासणीत पेशंटची नावं झाकलेली राहावीत म्हणून प्रत्येक फायलीला नंबर दिला होता. ओर्तेगांच्या ओळीवर बोट ठेवून तिने इंटरकॉम दाबला आणि इंग्रजीत सांगितलं, "डेनिस, ओर्तेगांची फाईल आण. सदतीस नंबर."

डेनिस, सेंटरची जुनी नर्स, दोन फायली घेऊन आली. गेली दोन वर्षं ही तिची खोडच होती. एक मागितली की दोन आणायची, आणि काम झालं की उरलेली मुकाट्याने परत न्यायची. मृणालिनीने वरची फाईल उघडली. आत कुणा म्हाताऱ्याच्या ब्लडप्रेशरचे कागद होते.

"ही ओर्तेगांची नाही."

"तुम्ही मागितलेली सदतीस तीच आहे, डॉक्टर. ओर्तेगांची खाली आहे."

खालच्या फायलीवर त्र्याहत्तर होतं. मृणालिनीने यादीकडे पाहिलं. बोट अजून तिथेच होतं, आणि बोटाखाली त्र्याहत्तरच लिहिलेलं होतं.

दोन वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं, "तू नेहमी दोन का आणतेस?"

डेनिसने सौमित्रकडे पाहिलं. त्याने मान हलवून नको म्हटलं. तिने त्याचं ऐकलं नाही.

"तुम्ही आकडा सांगितलात किंवा भरलात, की आम्ही दोघं तो उलटा करूनही बघतो. हे डॉक्टर लग्नाला गेले त्या आठवड्यात मी एकटी होते. ओर्तेगांचा डोस माझ्या नजरेतून सुटला."

 मग मृणालिनीने फॉर्म आपल्याकडे ओढला, सौमित्रचं नाव खोडलं आणि त्यावर स्वतःचं लिहिलं. खाली जन्मतारखेची चौकट होती. तीही तिने सावकाश भरली आणि कागद त्याच्याकडे वळवला.

"बघ रे," ती म्हणाली, "बरोबर लिहिलीय का."