गिटारीचे वरचे पडदे

“तारांना हात लावायचा नाही, मिस्टर हॉलिस. पट्टीपासून आहेत तशा उंच राहू देत.”

“अहो मिस व्हर्लीन, एवढ्या उंच तारा दाबायच्या म्हणजे बोटांची सालटी निघतील!”

“बोटं माझी आहेत. तुम्ही पट्टी वाढवा आणि वरचे पडदे बसवा. चर्चच्या वार्षिक सोहळ्याला मला वरचे सूर हवेत.”

हॉलिसने गिटार टेबलावर आडवी घेतली. या बाईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. शिवाय तिच्या डब्यातून तळलेल्या माशांचा वास सुटला होता.

गिटार पत्र्याच्या अंगाची, पोटात आवाज घुमवणारी पत्र्याचीच मोठी वाटी. नदीकाठच्या डेल्टा मुलखाच्या त्या भागात अशा गिटारी दुरुस्त करणारा तो एकटाच उरला होता. गळ्यावरची पट्टी अंगावर येऊन अर्ध्यातच संपत होती. तिला शिसवीचा तुकडा जोडायचा, त्यावर नवे पडदे, म्हणजे ज्यांवर तार दाबून सूर काढतात त्या धातूच्या आडव्या काड्या, ठोकायच्या, एवढंच काम. मनात आणलं असतं तर आठवड्यात उरकलं असतं.

पण उरकायचं होतं कुणाला? बायको गेल्यापासून त्याच्या दुकानात धड कुणी दोन शब्द बोलायला थांबत नव्हतं. चर्चला जाणंही सुटलं होतं. आता दर गुरुवारी ही गावाच्या रीतीने ‘मिस’च म्हणवणारी विधवा बाई डबा घेऊन यायची, स्टुलावर बसून अख्ख्या गावाची उणीदुणी काढायची आणि त्याला पोट धरधरून हसवायची. काम संपलं की हे सगळं संपणार! मग काय, गड्याने चालढकल आरंभली. कधी सरस वाळेना, कधी लाकूड फुगलं. एकदा तर चांगला बसलेला पडदा त्याने मुद्दाम उपटला.

“किती दिवस चालायचं हे?” ती करवादली. “गोगलगाय तरी बरी!”

“नाजूक काम असतं, बाई.”

“असतं खरं,” म्हणत तिने त्याच्या ताटलीत आणखी एक मासा वाढला.

शेवटी सोहळा तोंडावर आला आणि गिटार द्यावीच लागली.

“वाजवून तरी बघा,” तो पडेल आवाजात म्हणाला.

“चर्चमध्येच ऐका. आणि आला नाहीत तर याद राखा!”

ती गेली. त्या रात्री हॉलिसला जेवण गोड लागलं नाही.

रविवारी तो इस्त्रीचा कोट चढवून शेवटच्या बाकावर बसला. शेजारी चर्चचे म्हातारे कारभारी पर्विस होते. व्हर्लीन पुढे आली. पर्समधून तिने काचेच्या बाटलीचा कापलेला गळा काढला, करंगळीत चढवला आणि तारांवर फिरवला. सूर थेट छताला भिडला. लोक उठून टाळ्या पिटू लागले.

हॉलिस आ वासून बघत राहिला. काच तारेवर नुसती घसरते, तार पडद्याला टेकतसुद्धा नाही; म्हणूनच तिला तारा उंच हव्या होत्या. पट्टी आखूड असो, लांब असो, नसली तरी सूर निघतोच.

“हे काचेचं कधी शिकली ही?” त्याने विचारलं.

“कधी म्हणजे?” पर्विस हसले. “पोरवयापासून अशीच वाजवते. पडद्यावर तार दाबताना तिला आजवर कुणी पाहिलेलं नाही. तू चर्चला फिरकला असतास तर कळलं असतं!”

बाहेर आवारात व्हर्लीन गिटार सावरत तडक त्याच्यापाशी आली.

“काम झकास झालंय, मिस्टर हॉलिस,” ती म्हणाली. “पण आणखी दोन पडदे लागतील असं वाटतंय. गुरुवारी आणू?”