वकीलपत्रावरची सही

आपल्या वकीलबाई समोरच्या पार्टीला सामील आहेत, असं गुंडू चौगुलेंच्या मनानं घेतलं होतं. दुकानाच्या केसला नुसती तारीख पडायची आणि शिंत्रेबाई उरलेली फी तेवढी मागायच्या. शेवटी चौगुलेंनी वकील बदलला. पण नव्या वकीलपत्रावर जुन्या वकिलाची ‘हरकत नाही’ अशी सही लागते, म्हणून राजारामपुरीतलं बाईंचं ऑफिस गाठावंच लागलं.

"फीचं मागनं बघू मॅडम, आधी सही करा," ते उभ्यानंच म्हणाले.

बाईंनी सही केली. "नवीन वकील कुठनं गावले?"

"आपणहून घरी आलते. तुमच्यागत न्हाईत, एक रुपया घेत न्हाईत."

बाईंनी फाईल त्यांच्या हातात दिली.

"मग त्यांना देतंय कोण?"