दोन फोटो

सत्यशीलाचा डावा हात लहानपणापासून वाळलेला. टेंभुर्णीच्या स्टुडिओत आईनं एकाच दिवशी तिचे दोन फोटो काढून घेतले. पहिला तहसीलला द्यायचा, अपंगांना सरकारकडून महिन्याला मिळणाऱ्या पगाराच्या अर्जासोबत.

"हात पुढं कर. साहेबाला बराबर दिसला न्हाई तर पगार मंजूर व्हत न्हाई."

दुसरा वडीगोद्रीच्या स्थळासाठी.

"आता पदराखाली घे. बिलकुल दिसला न्हाई पाह्यजे."

घरी येऊन मोबाइलवरून स्थळाला फोटो पाठवताना आईच्या हातून चुकून पहिलाच गेला, खाली 'अपंग पगार अर्ज' असं लिहिलेला. पुसायच्या आत तिकडं बघितलासुद्धा.

"गेलं माय, हेबी स्थळ गेलं!" आई रडकुंडीला आली.

तेवढ्यात मोबाइल वाजला. "मुलगी पसंत आहे."

आई देवापुढं साखर ठेवायला धावली. सत्यशीला तो निरोप परत परत वाचत बसली. हात बघूनही कुणीतरी हो म्हणालं होतं. तिनं पदर बाजूला सारला आणि पहिल्यांदाच तो हात मांडीवर उघडा ठेवला.

मोबाइल पुन्हा वाजला.

 

"पगार मंजूर झाला की कळवा. मंग तारीख काढू."